दामू वायरमन आणि टोकावड्याची पिकप

दामू वायरमन रस्त्यानं पायी चालतानासुद्धा इंडिकेटर द्यायचा. सापगावच्या फाट्यावरून चहाच्या हॉटेलाकडे वळायचं असलं की उजवा हात बाहेर काढायचा, जिभेनं टिक-टिक-टिक असा आवाज करायचा, एकदा मागे बघायचा आणि मगच वळायचा. मागे कोण असणार? फार तर एखादी म्हैस. पण म्हशीलासुद्धा आपण कुठे वळतोय ते कळलं पाहिजे, असं त्याचं म्हणणं होतं. वळून झालं की टिकटिक बंद. एकदा तो ती बंद करायलाच विसरला आणि हॉटेलात बाकड्यावर बसूनही टिकटिकत राहिला, तेव्हा हॉटेलवाल्यानं वैतागून त्याच्या तोंडात भजं कोंबलं.

हे सगळं मी रोज बघायचे, कारण त्याचं गॅरेज आणि माझं दुकान यांच्यात एकच पत्र्याची भिंत. शहापूरहून मुरबाडकडे निघालं की सापगावच्या नदीच्या अलीकडे आमची ही दोन दुकानं होती. माझे यजमान भातसानगरला धरणावर नोकरीला. नव्वदीच्या दशकात त्यांना हौस आली आणि त्यांनी गाड्यांच्या स्पेअर पार्टचं दुकान काढलं. हौस त्यांची, बसायचं मी. बाईमाणूस क्लचप्लेट विकतंय हे बघून गिऱ्हाईक दारातच थबकायचं. मग दामू शेजारून मान काढून सांगायचा की घाबरू नका, वैनींना सगळं कळतं, नाय कळलं तर मला विचारतात. यातलं दुसरं वाक्य त्यानं जोडलं नसतं तरी चाललं असतं.

गाडीतलं लाइटचं काम करणाऱ्याला आमच्याकडे वायरमन म्हणतात. दामू हडकुळा, उंच, कानावर टेस्टर खोचलेला. सुताराच्या कानावर पेन्सिल असते ना, तसा. मिशी मात्र भारदस्त, ती त्या चेहऱ्यावर कुणाची तरी उसनी आणल्यासारखी वाटायची. आणि तोंडाचा पट्टा असा की सकाळी शटर वर गेलं की सुरू, ते शटर खाली येईपर्यंत. काम करताना तर तो गाडीवाल्याला समोर उभा करून एकेक गोष्ट सांगायचा: आता हॉर्नची टोपी काढली, आता मधला मोठा नट सैल केला, आता बघा कशी गंमत होते. गाडीवाल्याला गंमत नको असायची, गाडी हवी असायची. पण दामूपुढे कुणाचं चालतंय!

काम झाल्यावर एखादा तरी स्क्रू उरायचाच. दुसरा कुणी असता तर त्यानं तो गुपचूप खिशात टाकला असता. दामू तो प्रसादासारखा गाडीवाल्याच्या हातावर ठेवायचा आणि सांगायचा की कंपनी जास्तीचे लावते, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. कितीतरी ड्रायव्हर मग माझ्याकडे येऊन हळूच विचारायचे, वैनी, हा कुठला हो? मी कपाळाला हात लावायचे.

पण माणूस नशिबाचा. त्याच्या चुकासुद्धा फळायच्या. मुरबाडकडच्या एका भाजीवाल्याच्या पिकपला त्यानं इंडिकेटरची नवीन दांडी बसवली आणि आत कुठली वायर कुठे गेली देव जाणे, डावीकडे वळायची दांडी ओढली की दिव्याबरोबर हॉर्नपण वाजायचा. दिवा लुकलुकला की पॅं, लुकलुकला की पॅं. दुसऱ्या दिवशी भाजीवाला तणतणत आला. मी मनात म्हटलं, आज दामूची मिशी जाते. दोघं आत गेले, बराच वेळ आवाज चढले, मग एकदम हसण्याचा आवाज. भाजीवाला बाहेर आला आणि तसाच गाडीत बसून निघून गेला. मी दामूला विचारलं, तर म्हणाला, तो राहू दे बोलतोय. वळणावरची गुरं आपोआप बाजूला होतात, बायका डोक्यावरचे हंडे सांभाळून थांबतात, त्याला आवडलं. पुढच्या बाजारी आणखी एकजण तेच काम करून द्या म्हणून आला, आणि आता ते मुद्दाम कसं करायचं हे काही दामूला जमेना. दिवसभर त्याची वायरींशी झटापट चालली होती. मी हसून हसून दुकानाच्या पायरीवर बसले.

लग्नाचं मात्र त्याचं जमत नव्हतं. आई होती तोवर ती मुली बघायची, ती गेल्यावर नातेवाईक बघायचे, नंतर तेही कंटाळले. शेवटची मुलगी बघायला गेला होता ती किन्हवलीच्या बाजूला. नवा शर्ट, पावडर, सगळं साग्रसंगीत. पोहे समोर आले आणि शेजारच्या अंगणात कुणाची तरी जीप चालू होईना. दामूचे कान टवकारले. जरा बघून येतो म्हणून उठला, तो पोहे गार होऊन गेले तरी आला नाही. आला तेव्हा शर्ट काळा, हात काळे, मिशीसुद्धा काळ्यावर काळी, आणि चेहऱ्यावर असा आनंद की जणू लग्न ठरलंय. जीप चालू झाली होती. मुलीकडच्यांनी त्या जीपमधूनच त्याला फाट्यापर्यंत पोचवलं आणि परत काही निरोप आला नाही.

हे तो स्वतः रंगवून सांगायचा आणि आम्ही पोट धरून हसायचो. पण एकदा शटर ओढता ओढता मला म्हणाला, "वैनी, दिवसभर बोलतो ना मी, ते घरी गेल्यावर बोलायला कोन नाय म्हणून." मी त्याला डब्यातली भाकरी दिली. त्यानं ती घेतली, आणि लगेच भाकरी करपलीय म्हणून सांगितलं.

आता खरी गोष्ट. इंडिकेटरचा स्विच असतो स्टेअरिंगच्या मागे, त्याच्या दांड्यावर. तो बदलायचा तर अख्खं स्टेअरिंग उतरवावं लागतं. दांड्याच्या टोकाला बारीक दाते असतात, परत बसवताना स्टेअरिंग होतं त्याच दात्यांवर बसलं पाहिजे. एकदोन दाते इकडेतिकडे झाले की गाडी जाते सरळ आणि स्टेअरिंग दिसतं वाकडं. शिवाय वळण संपल्यावर दांडी आपोआप मागे यायला हवी, ती येत नाही आणि दिवा लुकलुकतच राहतो. म्हणून बाकीचे कारागीर काढण्याआधी दांड्यावर आणि स्टेअरिंगवर छिन्नीनं एकेक खूण ठोकतात. दामू ठोकायचा नाही. म्हणायचा, गाडीला घाव नाय घालायचा. मग करायचा काय? आमच्याकडे दसऱ्याला प्रत्येक गाडीच्या स्टेअरिंगला वरच्या अंगाला टिळा लावतात, तेलात कालवलेल्या कुंकवाचा. तो चांगला घट्ट बसतो, महिनोनमहिने जात नाही. गाडी धुवायची, चाकं सरळ करायची, मग पूजा, ही रीतच. दामू चाकं सरळ करायचा, टिळा वर घ्यायचा आणि नट आवळायचा. त्याचं कधी चुकलं नव्हतं.

दिवाळी होऊन गेली होती. एक म्हातारे गृहस्थ माझ्या दुकानात आले, पांढरं धोतर, काळी टोपी, आवाज खर्जातला. टोकावड्याचे गोविंदतात्या. त्यांच्या पिकपचा इंडिकेटरचा स्विच गेला होता. स्विच घेतला, आणि मग उगाचच रेंगाळले. शेजारचा वायरमन कसा आहे, पितो का, भांडतो का, घरी कोण आहे. मी म्हटलं, तात्या, स्विच बसवायला एवढं कशाला लागतं? तेव्हा त्यांनी आवाज खाली घेतला आणि सांगितलं की त्यांची मुलगी विमल, तिचं वय वाढत चाललंय, स्वतः पिकप चालवून बाजाराला जाते म्हणून लोक नावं ठेवतात, कुणी करून घेत नाही. या वायरमनचं नाव कानावर आलंय. पोहे-बिहे नकोत, मुलगा कामात कसा आहे तेवढं बघायचंय. आणि त्याला काही सांगायचं नाही. मला शपथच घातली.

ज्या दिवशी दामूनं नीट वागायला पाहिजे होतं, त्याच दिवशी त्याला ठाऊक नव्हतं. मी भिंतीच्या कडेनं त्याला भुवया उडवून दाखवल्या, ओठ दाबून गप्प राहा अशी खूण केली. त्यानं काम थांबवून मोठ्यानं विचारलं की वैनी, डोळ्यात काय गेलंय का. मग तात्यांना माझ्या डोळ्यांवरून सुरुवात करून, धरणावरच्या माझ्या यजमानांवरून, भाजीवाल्याच्या हॉर्नवरून, थेट किन्हवलीच्या पोह्यांपर्यंत सगळं ऐकवलं. भावी सासऱ्याला आपण मुली बघायला जाऊन काय करतो ते असं रंगवून सांगणारा दुसरा नवरदेव मी तरी पाहिला नाही. तात्या हसले नाहीत.

बोलण्याच्या भरात स्टेअरिंग उतरलं, स्विच बसला, टिळा वर घेऊन स्टेअरिंग चढलं. मी दारातून बघितलं तर मधल्या पट्ट्या तिरप्या. मी म्हटलं, दामू, हे वाकडं दिसतंय. तो म्हणाला, "वैनी, टिळा कधी खोटा बोलत नाय." आणि नट आवळला. एक स्क्रू उरला, तो तात्यांच्या हातावर ठेवला.

तात्या निघाले. नदी ओलांडून पहिल्या वळणाला त्यांनी डावीकडचा इंडिकेटर दिला, तो परत फिरलाच नाही. त्यांनी दांडी हातानं मागे आणायची, पुढच्या डाव्या वळणाला परत द्यायची आणि मग मागे आणायला विसरायचं. स्टेअरिंग वाकडं, त्यामुळे त्यांची मानही वाकडी झाली. मुरबाडपासून पुढे टोकावड्यापर्यंत रस्त्याच्या डावीकडे ढाबे. डावा दिवा लुकलुकत पिकप येताना दिसली की ढाब्यावरचा माणूस गिऱ्हाईक आलं म्हणून पाण्याचे ग्लास घेऊन धावत बाहेर यायचा. पिकप पुढे निघून जायची. तो ग्लास घेऊन उभा. मग पुढचा ढाबा. हे सगळं आम्हाला नंतर कळलं. त्या वेळी कळलं ते एवढंच, की दुसऱ्या दिवशी मुरबाडच्या गाडीवरच्या कंडक्टरबरोबर तात्यांचा निरोप आला: मुलगा पसंत नाही.

दामूला तेव्हा समजलं की काल त्यालाच बघायचा कार्यक्रम होता. माझ्याकडे आला, तात्या खरंच त्यासाठी आले होते का ते विचारलं. मी सांगितलं. त्यानं फक्त मान हलवली आणि आत जाऊन स्टुलावर बसला. सबंध दिवस पत्र्यापलीकडून आवाज नाही. हॉटेलवाला स्वतः चहा घेऊन आला, तो चहाही तसाच राहिला. एरवी त्याच्या बडबडीनं माझं डोकं उठायचं, आणि त्या दिवशी मला दुकानात बसवेना. मला त्या म्हाताऱ्याचा इतका राग आला की सांगता सोय नाही. एका वाकड्या स्टेअरिंगवरून माणूस मोडीत काढायचा म्हणजे काय!

त्यानंतरच्या सकाळी तीच पिकप परत आली. खाली उतरली ती बाई. साडीचा पदर खोचलेला, हातात चावी, चांगली धिप्पाड. मी काही विचारायच्या आतच म्हणाली, मी विमल, टोकावड्याची, वायरमन कुठे आहे? मी बोटानं भिंत दाखवली आणि हातातलं गिऱ्हाईक सोडून भिंतीशी जाऊन बसले. पत्र्यापलीकडचं ऐकायचं नाही म्हटलं तरी ऐकू यायचं, आणि मी तसं म्हटलंही नव्हतं.

तिनं आधी स्टेअरिंगचं सांगितलं. दसऱ्याला गाडी अंगणातल्या उतारावर उभी होती, चाकं वळवून दगड लावलेला. तात्या बाहेर गेले होते, टिळा तिनं लावला. ती चाकं सरळ करायला विसरली. म्हणजे चाकं सरळ असताना तो टिळा वर येतच नव्हता. दामूनं टिळा बघून बसवलं, चूक तिची होती. पाना नटाला लागल्याचा आवाज आला.

"लोकं सांगतात तुमी लय बोलता," ती म्हणाली.

"बोलतो."

"मंग आज?"

"तुमच्याकडून नकार आलाय. काय बोलू?"

"माझ्याकडून नाय आला. बाबांकडून आला. मला कोनी विचारलंच नाय."

पाना खाली पडला. मी भिंतीला कान लावला तो पत्रा कुरकुरला, मी श्वास धरून बसले.

"मंग मी विचारू?"

"आधी स्टेअरिंग बसवा. सरळ बसलं तर विचारा."

मी आयुष्यात कुठल्या स्टेअरिंगसाठी देवाला हात जोडले असतील तर ते त्या दिवशी. या वेळी टिळ्याचा भरवसा नव्हता, आणि छिन्नीची खूणही नव्हती. मग दोघं गाडी घेऊन रस्त्यावर गेले. ती चालवत होती, तो शेजारी. गाडी सरळ नेऊन बघायची, स्टेअरिंग किती फिरलंय ते पाहायचं, थांबायचं, उतरवायचं, दाते सरकवून बसवायचं, परत न्यायची. नदीच्या पुलावरून पलीकडे गेले, आले, परत गेले. माझ्या अंदाजानं काम दुसऱ्या खेपेलाच झालं असावं, पण गाडी पुलावरून जातच राहिली. हॉटेलवाला आणि मी रस्त्याच्या कडेला उभे राहून बघत होतो. दर खेपेला इंडिकेटर लागायचा, वळली की गाडीचा दिवा आपोआप बंद व्हायचा, आणि हॉटेलवाला टाळ्या वाजवायचा.

ती त्याला गॅरेजवर सोडून गेली. मी विचारलं, विचारलंस का? म्हणाला, विचारलं. मग काय म्हणाली? म्हणाला, "बोलली, बाबांना मी सांगते, तोवर तुमी फक्त गप बसा."

आणि तो गप्प बसला. तात्या पुढच्या बाजारी बोलणी करायला आले तेव्हा दामू मिशीला पीळ देत स्टुलावर नुसता बसून होता. तात्या मला म्हणाले, मुलगी ऐकतच नाही, म्हणते हाच पाहिजे, आणि हा तर बोलतच नाही, आजारी आहे का? मी म्हटलं, लाजतोय. हे खोटं बोलताना माझी जीभ अडखळली, पण लग्न ठरलं.

लग्न टोकावड्यात झालं. मुंडावळ्या बांधून तो इतका बोलला की भटजींना मंत्र मध्ये थांबवावे लागले. नंतर त्यानं इथलं गॅरेज उचललं आणि टोकावड्याला रस्त्याकडेला थाटलं, कारण पिकप तिकडे, भाज्या तिकडे, विमलही तिकडे. घरजावई झाला म्हणून लोक चिडवायचे. त्याला त्याचं काही वाटत नसे, उलट तोच आधी सांगून मोकळा व्हायचा.

मग आमच्याही यजमानांची नोकरी संपली, दुकान विकलं, आम्ही शहापुरात राहायला गेलो. त्याची भेट राहूनच गेली. शेवटचं पाहिलं त्यालाही आता बरीच वर्षं झाली, दोन हजारच्या पुढे कधीतरी. माळशेजवरून जुन्नरकडे एका लग्नाला निघालो होतो. एसटी टोकावड्याला थांबली आणि माझ्या खिडकीसमोरच त्याचं गॅरेज.

इंडिकेटरचं काम खरं तर दोघांचं असतं. एकानं आत बसून दांडी हलवायची, दुसऱ्यानं मागे उभं राहून दिवा लागला का ते सांगायचं. सापगावला असताना दामू ते एकटा करायचा. आत चढून दांडी ओढायची, उडी मारून उतरायचं, धावत मागे जायचं, दिवा बघायचा, धावत परत. गाडीवाले बहुतेक गाडी सोडून बाजारात गेलेले असायचे. जगाशी बोलणारा माणूस, पण जरा आत बसा एवढं त्याला कधी कुणाला सांगता आलं नाही.

त्या दिवशी एक पिकप उभी होती, तोंड आत आणि पाठ रस्त्याकडे. आत स्टेअरिंगवर विमल. तो मागे, कमरेवर हात ठेवून, मिशी पिकलेली, दिव्याकडे टक लावून. मी खिडकीतून हाक मारली, पण एसटीचं इंजिन धडधडत होतं आणि त्याची नजर दिव्यावरून हलत नव्हती. आतून ती विचारायची आणि बाहेरून तो सांगायचा.

"डावी?"

"लागली."

"उजवी?"

"लागली गो."

कंडक्टरनं घंटी दिली आणि एसटी सुटली. तिनं पुन्हा डावी विचारली. दोन्ही दिवे लागत होते, काम झालेलं होतं, मला बसमधून दिसत होतं. तरी तो तिथेच उभा राहून तिला सांगत होता.